सर्बिटन-माहात्म्य

प्रत्येक भाषेच्या विनोदात एखादे गाव असे असते की त्याचे नुसते नाव घेतले असता श्रोत्यांनी हसावे अशी रूढीच पडून गेलेली असते. त्या गावाने असे कोणते पाप केले याची चौकशी करण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही, आणि त्या गावचे रहिवासीही बहुधा त्याविरुद्ध अर्जफाटे करीत नाहीत. इंग्रजांच्या विनोदात हा मान सर्बिटनकडे जातो. लंडनच्या नैर्ऋत्येस बाराएक मैलांवर, थेम्सच्या काठी हे उपनगर वसलेले आहे. कुंपणाची झुडपे दोरी लावल्यासारखी एका रेषेत कातरणारा, रविवारी मोटार पुसणारा, शेजाऱ्याशी हवामानावाचून अन्य विषयावर अवाक्षर न काढणारा आणि उमेदीची सारी वर्षे एकाच वेळच्या एकाच गाडीने कचेरीस जाणारा जो कोणी इंग्रज मध्यमवर्गीय गृहस्थ नाटककारांनी आणि विनोदी लेखकांनी कल्पिला, त्याचा पत्ता म्हणून त्यांनी सर्बिटन हे नाव इतक्या वेळा खर्ची घातले आहे की, प्रत्यक्षात असे गाव असून त्याला पिन कोड आणि सांडपाण्याची व्यवस्था आहे हे ऐकून कित्येक इंग्रजांनाच आश्चर्य वाटावे.

माझा एक भाचा तेथे बिऱ्हाड करून राहतो, त्यामुळे या गावचे आदरातिथ्य मला वेळोवेळी लाभले आहे. गावाच्या इतिहासाविषयी त्याच्या शेजारच्या एका वयोवृद्ध गृहस्थांना मी जिज्ञासेने विचारले असता त्यांनी हातातील कातर खाली न ठेवता, अत्यंत अदबीने, “इतिहास हवा असेल तर किंग्स्टनला जा, बसने दहा मिनिटे लागतात,” असे उत्तर दिले. मला हे उत्तर सर्बिटनच्या स्वभावाला धरून पण वस्तुस्थितीला सोडून वाटले. ज्या घटनांपैकी एकीच्या जोरावर दुसऱ्या एखाद्या गावाने पुतळे, उत्सव, शताब्दी-समित्या आणि चहाच्या कपांचे दुकान थाटले असते, तशा घटना या गावात एकीमागून एक घडलेल्या आहेत; फक्त त्या घडत असताना गावाने पडदा किंचित बाजूला सारून पाहिले आणि पुन्हा पूर्ववत लावून घेतला.

मुळात या गावाचा जन्मच दुसऱ्याच्या नकारातून झाला. शेजारचे किंग्स्टन हे खानदानी गाव. सात सॅक्सन राजांना तेथे राज्याभिषेक झाला अशी परंपरा असून, ज्या शिळेवर त्यांना बसविले असे सांगतात ती आजही तेथील नगरगृहाशेजारी लोखंडी कठडा घालून जपून ठेवलेली आहे. जॉन राजाने १२०८ साली दिलेली सनद त्याच्या दफ्तरी आहे. आणि लंडनहून पोर्टस्मथकडे जाणारा हमरस्ता गावातूनच जात असल्यामुळे घोड्यांच्या टपालगाड्या, त्यांचे तबेले, सरायांचे मालक, नालबंद आणि दाणावैरणीचे व्यापारी असा सगळा सरंजाम त्या रस्त्यावर पिढ्यानपिढ्या पोसला गेलेला होता. अशा वेळी लंडन ते साउदॅम्प्टन लोहमार्ग काढण्याची मसलत निघाली. घोडागाडीवर ज्यांचे पोट होते त्यांना आगगाडीत आपले मरण दिसले, ज्यांच्या जमिनी होत्या त्यांना त्यांतून रूळ जाणे रुचेना, आणि राजांच्या अभिषेकाने पुनीत झालेल्या नगरीला या धूर ओकणाऱ्या उपटसुंभाची गरज काय असा सर्वसाधारण सूर लागून किंग्स्टनने तो मार्ग आपल्या शिवेबाहेर ठेवविला, अशी तेथील लोककथा आहे. कंपनीने वाद घातला नाही. तिने दीडएक मैल दक्षिणेला सरकून सर्बिटनच्या टेकडीत खिंड खोदली आणि २१ मे १८३८ रोजी, जेथे शेते, गायरान आणि तुरळक घरे यांखेरीज काही नव्हते, अशा ठिकाणी गाडी आणून उभी केली. त्या स्थानकाला नाव मात्र ‘किंग्स्टन’ असेच दिले. म्हणजे लग्नास नकार देणाऱ्या वधूचेच नाव पत्रिकेत छापून कार्य उरकून घ्यावे तसे झाले.

लोहमार्गाने आपला प्रताप दाखविण्यास फार विलंब लावला नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस एप्समच्या माळावरची डर्बीची शर्यत आली. लंडनच्या नाइन एल्म्स स्थानकावरून या नव्या ‘किंग्स्टन’पर्यंत आठ गाड्या सोडू, तेथून एप्सम काही फार लांब नाही, असे कंपनीने मोठ्या हौसेने जाहीर केले, आणि त्या सकाळी पाहतात तो दरवाजाशी पाच हजारांवर माणूस लोटलेले! गाडीमागून गाडी भरून गेली तरी गर्दी हटण्याऐवजी वाढतच चालली; अखेर दारे मोडून लोक आत घुसले, तिकीटघराच्या मेजावरून उड्या टाकून थेट फलाटावर गेले, पोलिसांना पाचारण करावे लागले, आणि यापुढे आज गाडी सुटणार नाही अशी पाटी लावून कंपनीने हात झटकले. सर्बिटनच्या इतिहासातील गर्दीचा हा पहिला प्रसंग. आणि त्यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, दंगा सगळा लंडनच्या टोकाला झाला व सर्बिटनला तो उतारूंच्या अस्ताव्यस्त टोप्यांवरून कळला असावा. पुढे या गावाने बहुतेक दंगे याच पद्धतीने अनुभवले.

रूळ पडताच जमिनीला भाव येणार हे ज्याने ताडले तो टॉमस पूली नावाचा, मद्यासाठी जव भिजवून माल्ट करणारा किंग्स्टनचाच एक व्यापारी होता. त्याने स्थानकाभोवतीची जमीन घेऊन रुंद रस्ते आखले, चौक मांडले, ऐसपैस घरांच्या ओळी उठविल्या, आणि गाव आकाराला येते न येते तोच कज्जेदलाली आणि कर्ज यांच्या चरकात सापडून सर्वस्वाला मुकला; कूट्स या लंडनच्या जुन्या पेढीने सारा गाव ताब्यात घेऊन त्याचे काम पुरे केले. गाव स्थापन करणाऱ्याचे दिवाळे निघावे आणि गाव मात्र सावकाराच्या हाती पडून सुस्थितीस लागावे, यात सर्बिटनला आजतागायत काही करुण वाटलेले दिसत नाही. माझ्या मते त्याच्या स्वभावाची घडण येथेच झाली. इतर गावांच्या मुळाशी एखादा संत, सरदार किंवा निदान दरोडेखोर असतो. याच्या मुळाशी एक वेळापत्रक आणि एक गहाणखत आहे.

पुढे नव्या गावाला थट्टेने ‘किंग्स्टन-ऑन-रेल्वे’ म्हणू लागले. जुन्या गावाने नव्या गावावर आपला अंमल बसविण्याचा घाट घातला, तेव्हा सर्बिटनकरांनी १८५५ साली थेट पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करवून घेऊन आपला कारभार पाहण्यासाठी आयुक्त नेमले. इकडे किंग्स्टनच्या डोक्यात प्रकाश पडला होता. रेल्वे नको म्हणणाऱ्यांना स्वतःचे स्थानक मिळण्यास १८६३ उजाडावे लागले, आणि तेही शाखामार्गावरचे. आपल्या स्थानकाच्या पाटीवर इतकी वर्षे दुसऱ्याचे नाव वागविल्यानंतर १८६७ साली सर्बिटनने ते उतरवून निखळ ‘सर्बिटन’ अशी पाटी चढविली. आजही किंग्स्टनची गाडी ठिकठिकाणी उभी राहत लंडनच्या वॉटर्लू स्थानकाला पोचण्यास अर्धा तास घेते, तर सर्बिटनची जलद गाडी अठरा-वीस मिनिटांत नेऊन सोडते. त्यामुळे सात राजांच्या नगरीतले घाईचे लोक रोज सकाळी बस पकडून सर्बिटनला येतात. त्या बसमध्ये मी बसलेलो आहे. कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा देत नाही.

रेल्वेपूर्वी येथे काहीच घडले नव्हते असे मात्र म्हणता येणार नाही. इंग्रजांच्या यादवीतील अखेरच्या चकमकींपैकी एक या गावच्या गायरानावर ७ जुलै १६४८ रोजी झाली. चार्ल्स राजा कैदेत होता. त्याच्यासाठी अर्ल ऑफ हॉलंड याने, घोड्यांच्या शर्यतीचे निमित्त करून स्वार जमविले (सरे परगण्यात कोणतेही कारस्थान घोड्यांच्या शर्यतीखेरीज सुरू होत नसावे), आणि पार्लमेंटच्या फौजेने त्यांची येथे दाणादाण उडविली. बकिंगहॅमच्या ड्यूकचा धाकटा भाऊ लॉर्ड फ्रान्सिस व्हिलियर्स, वय एकोणीस, घोडा पडल्यावर झाडाला पाठ लावून शेवटपर्यंत लढला आणि तेथेच कामास आला. आपल्याकडे अशा वीराची समाधी, पोवाडा आणि जत्रा झाली असती. सर्बिटनने त्याच्या घराण्याचे नाव एका रस्त्याला दिले. रस्ता नीटनेटका असून दोन्ही बाजूंना वाहने उभी करण्यास परवाना लागतो.

परंतु या गावाने जगावर जो खरा उपकार केला आहे, त्याचा तर गावाला गंधही नसावा अशा बेताने तो नदीकाठी पडून राहिलेला आहे. पोर्टस्मथ रस्त्याने थेम्सच्या कडेकडेने चालत गेले की एका बाजूला लांबच लांब, चौकोनी, गवत माजलेले हौद लागतात. त्यांवर पाणपक्षी उतरतात आणि संध्याकाळी वटवाघळे घिरट्या घालतात. हे सीदिंग वेल्सचे गाळणी-हौद. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडन शहर ज्या थेम्समध्ये आपले मलमूत्र सोडीत असे त्याच थेम्सचे पाणी पीत असे, आणि ते पाणी विकणाऱ्या कंपन्यांना त्यात काही विसंगत वाटत नसे. १८५२ साली लॅम्बेथ वॉटरवर्क्स या कंपनीने मात्र आपला पंप शहराच्या मध्यातून हलवून सर्बिटनच्या सीमेवर, भरतीचे पाणी पोचत नाही अशा जागी आणला. सदर्क अँड व्हॉक्सहॉल या प्रतिस्पर्धी कंपनीने तसे केले नाही. दक्षिण लंडनमध्ये या दोन कंपन्यांत एकेकाळी इतकी चुरस झाली होती की, एकाच गल्लीतल्या एका घरात हिचा नळ तर शेजारच्या घरात तिचा. शेजारी तेच, हवा तीच, धंदा तोच, फरक फक्त पाण्याचा. १८५४ साली पटकीची साथ आली तेव्हा डॉक्टर जॉन स्नो याने हा योग हेरला. पटकी दूषित हवेने पसरते असे त्या काळच्या बड्या बड्या वैद्यांचे मत होते. स्नो मात्र पाण्याकडे बोट दाखवीत होता.

तो मृतांच्या घरोघर फिरून “तुमचे पाणी कोणत्या कंपनीचे?” असे विचारू लागला, आणि त्याला जे उत्तर मिळाले ते आजच्या कोणत्याही शहरात मिळेल तेच होते: ठाऊक नाही, पट्टी घरमालक भरतो. तेव्हा त्याने एक युक्ती काढली. घरातले पेलाभर पाणी घ्यायचे आणि त्यात सिल्व्हर नायट्रेट घालायचे. शहरातल्या थेम्सच्या पाण्यात समुद्राचे आणि सांडपाण्याचे मीठ असे, त्यामुळे ते घट्ट पांढरे फुटे, आणि सर्बिटनकडचे पाणी जेमतेम गढुळल्यासारखे होई. एका गॅलनमागे एकात ३७.९ ग्रेन क्षार तर दुसऱ्यात पुरता एक ग्रेनही नाही. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांचा हिशेब त्याने मांडला तो असा: सदर्क अँड व्हॉक्सहॉलच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू, लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८, दर दहा हजार घरांमागे एकीकडे ३१५, दुसरीकडे ३७. साथीच्या रोगांचे शास्त्र शिकविणारे आजही हा ताळेबंद फळ्यावर लिहितात, आणि त्याच साथीत स्नोने दोषी ठरविलेला ब्रॉड स्ट्रीटचा तो सुप्रसिद्ध हातपंप पाहण्यास देशोदेशीचे डॉक्टर लंडनच्या सोहो भागात जाऊन त्याच्यासमवेत छायाचित्रे काढतात. सीदिंग वेल्सला कोणी फिरकत नाही. वस्तुतः सर्बिटनहून रोज लंडनला कामावर जाणारा पहिला चाकरमाना म्हणजे हे पाणी. आणि या चाकरमान्याने शहरात नेमके किती प्राण वाचविले याचा आकडा उपलब्ध असताना, त्याची सेवापुस्तिका अशी बेवारस पडावी हे मला तरी अन्यायाचे वाटते. पुढे नदीच्या गाळाला कंटाळून कंपनीने पंप आणखी वरच्या अंगाला नेला. हौद मात्र १९९२ पर्यंत चालू होते.

आता गावाच्या स्वभावाकडे वळावयाचे तर सकाळी साडेसातला स्थानकावर जावे. ही इमारत १९३७ साली सदर्न रेल्वेचे वास्तुविशारद जेम्स रॉब स्कॉट यांनी बांधली. पांढरेशुभ्र काँक्रीट, उंच उभ्या खिडक्या, घड्याळाचा चौकोनी मनोरा, आणि एकंदर रुबाब असा की येथून आगगाडीऐवजी एखादे नवे युग सुटणार असावे. आज तिला संरक्षित वास्तूचा दर्जा आहे, आणि हॅरी पॉटरच्या एका चित्रपटात तिच्या फलाटाने कामही केले आहे. त्या फलाटावर उभे राहून पाहिले असता प्रथमदर्शनी एक चमत्कार दिसतो. सबंध फलाट मोकळा असताना माणसे ठरावीक अंतरावर आठ-आठ, दहा-दहांचे पुंजके करून उभी असतात, आणि दोन पुंजक्यांच्या मधली जागा ओस. नवख्याला वाटते की ही स्नेह्यांची टोळकी असावीत. पण त्यांच्यात एक शब्द बोलणे नसते. गाडी येते, थांबते, आणि प्रत्येक पुंजक्याच्या नाकासमोर एकेक दार येऊन उघडते. कोणत्या गाडीचे दार फलाटाच्या कोणत्या फरशीसमोर येते याचे हे ज्ञान त्यांना गुरूवाचून, केवळ तपश्चर्येने प्राप्त झालेले असते, आणि ते कोणी कोणाला सांगत नाही. एखादा परका मनुष्य चुकून त्या फरशीवर उभा राहिला तर त्याला कोणी हटकीत नाही. फक्त त्याच्या मागे दोघे-तिघे अशा काही बेताने खाकरतात की, त्या खाकरण्यात बेकायदा कब्जा, वहिवाटीचा हक्क आणि दाव्याची पूर्वसूचना या तिन्ही गोष्टी याव्यात.

घाई फक्त येथे, फलाटावर. एरवी गावाचा कारभार संथपणे चालतो. सातव्या एडवर्डला १९०२ साली राज्याभिषेक झाला. त्याप्रीत्यर्थ सर्बिटनने एक मनोरा बांधण्याचे ठरविले, आणि तो १९०८ साली पुरा केला. तो मनोरा घड्याळाचा आहे. राजा १९१० पर्यंत हयात राहिला, यात त्याच्याही बाजूने बरेच सौजन्य दिसून येते.

लेखकांना हे गाव मानवत असावे, कारण येथे कोणी त्रास देत नाही. टॉमस हार्डी नवी नवरी घेऊन १८७४ च्या शरदात येथे बिऱ्हाड करून राहिला. शहरी कोलाहलापासून दूरच्या जीवनाची ज्यात महती आहे, ती ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ ही त्याची कादंबरी त्याच सुमारास पुस्तकरूपाने बाहेर पडली, आणि लंडनच्या गाडीत ये-जा करणाऱ्या बायकांच्या हातांत वाचनालयाची चिठ्ठी लावलेल्या तिच्या प्रती पाहून आपले पुस्तक चालले असे त्याला कळले. म्हणजे गर्दीपासून दूर असण्याचे माहात्म्य सर्बिटनच्या गर्दीने प्रथम वाचले. हार्डी दुसऱ्या वसंतापर्यंत निघून गेला. रिचर्ड जेफरीज या निसर्गलेखकाने येथे पाचएक वर्षे काढून लंडनच्या वेशीवरच्या पाखरांवर आणि रानफुलांवर लिहिले. पण मराठी घरांतून ज्यांचे बालपण फेमस फाइव्हच्या संगतीत गेले त्यांना खरा जिव्हाळा वाटेल तो एनिड ब्लायटनचा. पुस्तके लिहून नाव मिळविण्यापूर्वी, १९२० पासून चार वर्षे, ती सर्बिटनमधील एका कुटुंबात चार मुलांना शिकविण्यासाठी राहत होती, आणि तिचे पहिले छोटेखानी पुस्तक १९२२ साली ती तेथे असतानाच निघाले. जिच्या पुस्तकांतील मुले सुट्टी लागताच तस्करांच्या गुहेत शिरतात, त्या बाईने उमेदवारी मात्र अशा गावात करावी की जेथे तस्करालाही दूध टाकणाऱ्याची वेळ सांभाळून यावे लागले असते! मला तरी त्या साऱ्या साहसकथांचे मूळ सर्बिटनच्या शांत दुपारीच असावेसे वाटते.

साहस हवेच असेल त्यांच्यासाठी हॉलीफील्ड रोड आहे. तेथे चार्ल्स कूपर व त्याचा मुलगा जॉन यांचे मोटार-दुरुस्तीचे गॅरेज होते. युद्ध संपल्यावर १९४६ साली या बापलेकांनी फियाटच्या दोन लहान गाड्यांचे पुढले भाग कापून एकमेकांना पाठमोरे जोडले आणि त्या जोडकामाच्या मागल्या अंगाला मोटारसायकलचे इंजिन बसविले. मागे का, तर साखळीने मागची चाके फिरविण्यास तेच सोयीचे. सोयीसाठी केलेली ही गोष्ट इतकी सरस ठरली की, त्यांच्या मोटारींनी १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोन वर्षे फॉर्म्युला वनचे जागतिक अजिंक्यपद पटकावले, आणि ज्या बड्या कारखान्यांनी पुढच्या इंजिनावर हयात घालविली होती त्यांना निमूटपणे इंजिन मागे न्यावे लागले. त्यांतले पहिले अजिंक्यपद कसे मिळाले ते ऐकण्यासारखे आहे. अमेरिकेत सेब्रिंग येथे अखेरच्या शर्यतीत जॅक ब्रॅबम आघाडीवर असताना शेवटच्या फेरीत त्याच्या मोटारीतले पेट्रोल संपले; गडी खाली उतरला, मोटार ढकलीत ढकलीत रेषेपलीकडे घेऊन गेला, चौथा आला आणि विश्वविजेता ठरला. सर्बिटनच्या वाट्याला आलेला परमोच्च वैभवाचा क्षण हा असा, बंद पडलेली गाडी ढकलण्याचा. नाक्यावर उभे राहून मोटार ढकलणाऱ्याला हात न देता सहानुभूती दाखविणाऱ्या माझ्या भाच्याच्या शेजाऱ्यांना ही हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी “असे का?” म्हटले.

राजकारणात गावाने एकदाच उत्साह दाखविला, तोही काटकसरीने. १९६५ साली लंडनच्या कारभाराची फेररचना झाली आणि सरकारने सर्बिटनला, एकशे दहा वर्षे ज्याच्यापासून फटकून राहण्यात त्याने धन्यता मानली, त्या किंग्स्टनमध्येच विलीन करून टाकले. शिवाय सरे परगण्यातून उचलून बृहन् लंडनमध्ये घातले. हा दुसरा हुकूम सर्बिटनने अजून वाचलेला नाही. पत्त्याखाली ‘सरे’ लिहिणारे लोक आजही पुष्कळ आहेत, आणि त्यांत विलीनीकरण झाल्यानंतर जन्मलेलेही आहेत. १९९७ साली ‘किंग्स्टन आणि सर्बिटन’ असा नवा मतदारसंघ झाला, तेव्हा एड डेव्ही हे लिबरल डेमोक्रॅट उमेदवार ५६ मतांनी निवडून आले. पुढे ते पक्षनेते झाले. छपन्न म्हणजे माझ्या हिशेबाने फलाटावरचे सहा पुंजके.

इतके सगळे करूनही जगाने या गावाला ओळखले ते दूरचित्रवाणीच्या एका मालिकेमुळे. १९७५ ते १९७८ या काळात बीबीसीने ‘द गुड लाइफ’ ही मालिका दाखविली. सर्बिटनचा टॉम गुड चाळिशीला पोचताच नोकरी सोडतो, बायकोसह परसातले हिरवळीचे आंगण नांगरून बटाटे लावतो, डुकरे, कोंबड्या आणि जेराल्डिन नावाची शेळी पाळतो, आणि शेजारच्या मार्गोबाईंना, ज्यांची झुडपे, पाहुणे आणि मते तिन्ही नेहमी कातरलेली असत, तोंड दाखवायला जागा उरत नाही. सर्व इंग्लंड या मालिकेवर लट्टू झाले. खुद्द राणी एका भागाच्या ध्वनिचित्रणास येऊन बसली. गंमत अशी की बाहेरची दृश्ये चित्रित करण्यासाठी मंडळी सर्बिटनला गेलीच नाहीत. ती गेली लंडनच्या पार वायव्येला, नॉर्थवुड येथे. कल्पनेतल्या सर्बिटनला शोभेल असे घर खऱ्या सर्बिटनबाहेर सापडले. दुसरे एखादे गाव अब्रूनुकसानीचा दावा लावते.

सर्बिटनने काय केले ते सांगतो, आणि मला या गावाबद्दल प्रेम वाटू लागले ते या गोष्टीनंतर. आपल्याकडे ओढ्याकाठच्या पाच घरांच्या वाडीलाही स्थलपुराण असते. वनवासात पांडव तेथे एक रात्र मुक्कामाला असतात, निदान सीतेची न्हाणी तरी असते. या शतकाच्या आरंभीच्या काळात काही सर्बिटनकरांच्या लक्षात आले की, आपल्याला पुराण नाही. आणि नाही तर ते रचण्यास कोणाची हरकत आहे? त्यांनी सीदिंग वेल्सच्या नावावरून सीदिंग हे प्राचीन खेडे निर्माण केले, त्याला एक पर्वत दिला, पर्वतावर एक राक्षस बसविला, आणि त्या राक्षसाचे नाव ठेवले थॅमस डीटन. शेजारच्या थेम्स डिटन गावच्या लोकांनी यातून काय बोध घ्यावा तो त्यांचा प्रश्न. या राक्षसाला जेरीस आणणारा वीर म्हणजे लेफी गँडरसन, अर्धा बोकड आणि अर्धा मुलगा. दर फेब्रुवारीत, कडाक्याच्या थंडीत, त्याची वाजतगाजत मिरवणूक निघते. प्रचंड बाहुले खांद्यांवर घेऊन, चेहरे रंगवून, ढोल बडवीत लोक रस्त्याने जातात. त्याशिवाय उन्हाळ्यात गोड्या पाण्यातील सार्डिन माशांचा उत्सव असतो. सार्डिन गोड्या पाण्यात राहत नाहीत ही आडकाठी कोणी काढली की, पूर्वी राहत असत, असे त्याला सांगण्यात येते.

हे सारे कोणी, केव्हा आणि कोणत्या मद्यगृहात बसून रचले हे तेथील लहान मुलांनाही ठाऊक आहे, आणि तरीही चारचौघांत त्याविषयी अविश्वास दाखविणे हे वाईट वर्तन समजले जाते. ज्यांनी जन्मभर एका फरशीवर उभे राहून एकमेकांची नावे विचारली नाहीत त्यांना या बोकडाने बोलते केले आहे. माझ्या भाच्याला पलीकडच्या घरातल्या गृहस्थांचे नाव राक्षसाची तंगडी दोघांनी मिळून उचलल्यावर कळले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील एका मानववंशशास्त्रज्ञाने तर या सीदिंगकरांमध्ये राहून, त्यांच्या मिरवणुकांत नाचून डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. किंग्स्टनच्या शिळेवर खरोखर किती राजे बसले याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. लेफीबद्दल दोन मते नाहीत, तो कधीच झाला नाही. आणि मिरवणूक मात्र सुट्टीचा दिवस पाहूनच काढतात. राक्षस कितीही माजला तरी सोमवारी सकाळी साडेसातला त्याच्याशी लढण्यास सर्बिटनमध्ये माणूस मिळणे दुरापास्त. लेफीलासुद्धा आठच्या आत वॉटर्लू गाठायचे असेल.